चहा प्यायला बसले आणि टायर चढले

२०२५ च्या जुलैत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका टायरच्या दुकानात मी ६४ हजार रुपये मोजले आणि चार नवे टायर, चार नवी अलॉय व्हील बसवून घरी आले. त्यातला एकही टायर नवा म्हणावा असा नव्हता. एक तर चक्क वापरलेला, आतून पंक्चर काढलेला निघाला. दुकानाचं नाव लिहीत नाही. हीच तऱ्हा चार दुकानं पुढेही चालत असेल, त्यामुळे नावापेक्षा कसं फसवलं तेच सांगते.

मी घोडबंदर रोडला राहते, ऑफिस ऐरोलीला. गाडी २०२० ची, मधल्या आकाराची एसयूव्ही, ५२ हजार किलोमीटर झालेली. पावसाळ्यात कासारवडवली ते माजिवडा रोज करणाऱ्यांना टायरचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको. पुढच्या डाव्या टायरला बाजूने फुगा आला होता. बाकीच्या तिघांची नक्षी झिजून खाचेतल्या छोट्या उंचवट्याच्या बरोबरीला येत चालली होती. हा उंचवटा १.६ मिलिमीटरचा असतो आणि रबर तिथवर आलं की टायर संपला. त्यात जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला होता आणि गौरी-गणपतीला सासरी छत्रपती संभाजीनगरला त्याच रस्त्याने जायचं ठरलं होतं. तिथे कारला ताशी १२० ची मुभा. घासलेल्या टायरवर तिथे जायचं नाही, एवढी अक्कल मला होती. पुढची नव्हती.

दुकान सोसायटीतल्या एकाने सुचवलं होतं. काचेची एसी केबिन, भिंतीवर अलॉय व्हील आरतीच्या ताटांसारखी मांडलेली. मी आत गेल्यावर मालकाचा पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" गाडी मीच चालवते म्हटल्यावर तो लगेच सावरला. "मग तर मॅडम, लूक पाहिजे."

मी गेले होते फक्त चार टायर घ्यायला. साइज २१५/६० आर १७. ही ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर हवेच्या प्रेशरसकट लिहिलेली असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. त्याने १७ चे भाव सांगितले खरे, पण सांगताना बोट भिंतीकडे. "१८ टाका मॅडम. साइज २२५/५० येईल, गाडीला काही फरक पडत नाही, स्पीडोमीटरसुद्धा तेवढाच दाखवेल." खोटं कशाला बोलू, ते काळं-चंदेरी व्हील मलाही आवडलं होतं.

स्पीडोमीटरचं तो फारसं खोटं बोलला नाही. हिशोब नंतर घरी करून बघितला. जुन्या टायरचा पूर्ण व्यास ६९० मिलिमीटरच्या आसपास, नव्याचा ६८२. फरक एक टक्क्याच्या जवळपास. त्याने न सांगितलेली गोष्ट वेगळी होती. जुन्या टायरच्या रबराची उंची १२९ मिलिमीटर होती, नव्याची ११२.५. खड्ड्यात गाडी आदळली की मधे दीड सेंटिमीटर रबर कमी, मग मार थेट रिमला. साइजच्या पुढे लिहिलेला आकडाही उतरला होता, ९६ चा ९५. हा वजनाचा आकडा. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलणार, ९५ म्हणजे ६९०. वीस किलोने आभाळ कोसळत नाही, पण गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याच्या खाली कधी उतरू नये. इकडे माझ्यासमोर तो आकडा कोणी उच्चारलाच नाही.

मग भाव. टायर "इम्पोर्टेड" आणि अलॉय मिळून ८६ हजार बिलासकट, बिलाशिवाय ७६. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला.) माझी जुनी व्हील १२ हजारांत तो ठेवून घेणार, म्हणजे राहिले ६४. त्यातले ४० यूपीआयने द्यायचे, तेही दुकानाच्या नव्हे तर कुणाच्या तरी खासगी खात्यावर, आणि २४ रोख. आता लिहिताना माझीच मला लाज वाटते. दहा हजार वाचवायला मी कर बुडवायला तयार झाले होते, आणि पुढे तक्रार करायचा कागद त्याच दहा हजारांत विकून आले.

"मॅडम, आत बसा, बाहेर धूळ आहे." चहा आला, बिस्किटं आली. काचेतून काम करणाऱ्या पोरांच्या पाठी आणि लिफ्टवर चढलेली माझी गाडी तेवढी दिसत होती. टायर गोडाऊनमधून कधी आले, रिमवर कधी चढले, काही कळलं नाही. पन्नास मिनिटांनी गाडी खाली उतरली तेव्हा टायर पॉलिश मारून काळेभोर चमकत होते. सगळा खेळ झाला तो या पन्नास मिनिटांत.

टायर कधी बनला ते त्याच्या बाजूवर लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. गंमत अशी की बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला अर्धाच कोड. ज्या टायरवर "आउटसाइड" लिहिलेलं असतं किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असतो त्याची बाजू ठरलेली असते. बाकीचे कसेही चढवता येतात. माझे तसेच होते. चारही टायरची तारखेची बाजू आत, गाडीच्या पोटाकडे. तारीख आत दिसली म्हणजे दुकानदार चोर असं नाही, प्रामाणिक माणसाकडूनही तसं बसतं. पण मग तारीख बघायची तर रिमवर चढण्याआधीच बघायला हवी, आणि तेव्हा मी बिस्किट बुडवत होते.

परत येताना ऐरोलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि ८५-९० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. फोन केला. "मॅडम, नवे टायर सेट व्हायला ५०० किलोमीटर लागतात." यात मुरलेल्या माणसाची चलाखी आहे. नवा टायर पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायचा असतो हे खरं, कारण वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पण त्याने स्टिअरिंग थरथरत नाही. अर्धं खरं ऐकून मी गप्प बसले. आठ दिवस थरथर सोसली. नवरा म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी दाखव.

कळव्याला अलाइनमेंट करणारे एक काका आहेत. पत्र्याची शेड, एक मशीन, एक पोरगा. त्यांनी पुढचं चाक काढून आत बघितलं आणि मला बोलावलं. रिमच्या आतल्या कडेला चिकटवायच्या वजनांची पट्टी होती, एका ओळीत दातांसारखी, आणि एक ओळ संपली म्हणून खाली दुसरी. काकांनी मोजली. १२० ग्रॅम. "एवढं वजन लागतंय म्हणजे रिम तरी वाकडं, नाहीतर टायर तरी." मग त्यांनी मधलं भोक दाखवलं. माझ्या गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ६७.१ मिलिमीटर, व्हीलच्या भोकाचा ७३.१. बाहेरची अलॉय अनेक गाड्यांना बसावीत म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधल्या फटीत एक रिंग घालतात. काही शे रुपयांची रिंग. ती घातलीच नव्हती. चाक हबवर टेकलेलंच नाही, नुसतं नटांवर कसंबसं मध्यावर धरलेलं. निदान एवढं तरी फसवणूक नव्हे, निव्वळ आळस असावा.

मग टायर उतरवला. आतल्या बाजूला हात पुसून काकांनी टॉर्च धरला. ११२०. "अकरावा आठवडा, २०२०. लॉकडाऊनच्या दोन आठवडे आधीचा." दुसरा ११२०. तिसरा ११२०. पाच वर्षं कुठे पडून होते, उन्हात की ओलीत, देव जाणे. काकांचा अंदाज असा की २०२० च्या जूनमध्ये परदेशी टायर आणण्यावर सरकारने बंधन घातलं, त्याच्या आधी आलेला हा माल असणार, कुठेतरी उरलेला. वर्षभर जुना टायर असता तर मी भांडले नसते, नीट ठेवलेला टायर इतक्यात खराब होत नाही. पाच वर्षांचा टायर नव्याच्या भावाने घेणं म्हणजे मात्र माझ्या जुन्या टायरच्या वयाचेच टायर पुन्हा विकत घेणं.

चौथ्याला तारीखच नव्हती. त्या जागी रबर खरवडून गुळगुळीत केलं होतं आणि वर पॉलिश. काकांनी नखाने पॉलिश काढलं, खाली घासल्याचे बारीक ओरखडे दिसले. नक्षीची खोली मोजली. बाकी तिघांची आठ मिलिमीटरच्या आत-बाहेर, याची सहा. नव्या टायरला असतात ते रबराचे केस याला औषधालाही नव्हते. रिमवर बसणाऱ्या कडेला आधी एकदा चढवून उतरवल्याच्या खुणा होत्या. आणि आत, नक्षीच्या मागे, खरवडलेला एक गोल आणि त्यावर पंक्चर बुजवायचा मशरूमचा पॅच.

"ताई, हे तुम्ही नवीन म्हणून घेतलेत? किती दिलेत?"

आकडा सांगितला. ते नुसतं "बरं" म्हणाले.

सगळ्याचे फोटो काढले, काकांनी त्यांच्या पावतीवर तिघांचे आकडे आणि चौथ्याचा खरवडलेपणा लिहून सही दिली आणि मी पुन्हा त्या दुकानात गेले. "बिल दाखवा मॅडम." बिल कुठलं? "मग हे टायर आमच्याचकडचे कशावरून? तुम्ही बाहेर बदलले असतील." तोंडावर सांगितलं, हसत.

मला वाचवलं ते एका व्हॉट्सॲप मेसेजने. टायर बसवायच्या आदल्या दिवशी त्याने दुकानाच्या नंबरवरून कोटेशन पाठवलं होतं: चार नवे टायर, साइज, अलॉय, एकूण रक्कम. त्याला यूपीआयच्या ४० हजारांची जोड. रोख दिलेल्या २४ हजारांचा कुठेच माग नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्याला तक्रार क्रमांक पाठवला. सोबत हेही कळवलं की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, मला घाई नाही. तिसऱ्या वेळी नवरा बरोबर आला. लिहायला आवडत नाही, पण त्याला बघून मालकाचा सूर बदलला. मी दोनदा तेच बोलले होते, तेच फोटो दाखवले होते. "साहेब, गैरसमज झाला."

३० हजार परत मिळाले, टायर आणि व्हील त्याने परत घेतले. माझी मूळची १७ इंची चार व्हील तोवर "गेली" होती. कुठे ते विचारलं, उत्तर नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तशीच जुनी, ओरिजिनल चार व्हील बघायला गेले तर भाव ३४ हजार. माझ्याकडून घेतलेली १२ ला. घासाघीस करून ३० ला घेतली. घेण्याआधी प्रत्येक व्हील आतून बघितलं, कारण तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून, रंग मारून विकतात हे एव्हाना कळलं होतं. एक नाकारलं, त्याने मुकाट दुसरं काढून दिलं.

टायर घेतले नौपाड्यातल्या एका दुकानात, २१५/६० आर १७, ९६ च्याच आकड्याचे, बिलासकट ४१ हजार. बिलावर चारही टायरचे नंबर लिहून घेतले. महिनाभर थांबले असते तर कर कमी लागला असता, पण गणपती थांबणार नव्हते.

तिथेही मालक म्हणाले, "आत बसा ना, ताई." मी बाहेर मशीनजवळ उभी राहिले. पोरगा एकेक टायर घरंगळत आणायचा, मी वाकून आकडे वाचायचे. २१२५, २१२५, १९२५, २१२५. त्या १९ वाल्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले तेव्हा पोरगा हसला.

"चहा आणू ताई?"

"आण," म्हटलं, "इथेच आण."