चहाच्या बागेत जिवाणू खते: छाटणीपासून आतापर्यंतचा अनुभव

छाटणी झाल्यापासून बागेच्या एका भागात रासायनिक नत्र साधारण पाव हिश्शाने कमी केलंय आणि जोडीला जिवाणू खतं देतोय. आधीच सांगतो, युरिया टाकल्यावर थोड्याच दिवसांत पानावर जशी काळोखी येते, तसं इथं होत नाही. सुरुवातीच्या खुडण्यांत दोन्ही भाग सारखेच दिसत होते. फरक कळला तो माती उकरल्यावर.

बुंध्यापासून वीतभर अंतरावर आच्छादन बाजूला सारून खुरप्याने वरचा थर अलगद काढला. जिवाणू दिलेल्या झुडपांखाली पांढऱ्या मुळीचं दाट जाळं, थेट कुजलेल्या पाल्यात शिरलेलं. मुळीला चिकटलेली माती झटकूनही पडेना. शेजारच्या ओळीत मुळ्या तपकिरी आणि तुरळक. मी देतो त्यातलं अझोस्पिरिलम हे जिवाणू हवेतला नत्र थोडाफार स्थिर करतं, पण मुळांना फुटवे आणणारी संजीवकं (वाढीची द्रव्यं) ते तयार करतं, हाच मला त्याचा खरा फायदा वाटतो. त्यानंतरच्या खुडण्यांत दोन पानं-एक कळीचे शेंडे एकसारखे यायला लागले आणि वांझ (वाढ थांबलेले) शेंडे कमी झाले.

निवड मात्र जमीन बघूनच करा. चहाला साधारण 4.5 ते 5.5 सामू (pH) मानवतो. अॅझोटोबॅक्टर या नत्र स्थिर करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूला इतकी आम्लता सोसत नाही, त्यामुळे दुसऱ्या पिकाचं जिवाणू खत उचलून चहात टाकण्यात अर्थ नाही. अशा जमिनीत स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियमला बांधला जातो, म्हणजे मातीत असूनही झाडाला मिळत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून त्यातला काही मोकळा करतात. चहात त्यांना मी अझोस्पिरिलमइतकंच महत्त्व देतो.

देण्याची पद्धत सोपी आहे: चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, ओलं गोणपाट टाकून काही दिवस सावलीत ठेवायचं आणि वाफसा असताना संध्याकाळी झुडपाभोवती पसरायचं. मायकोरायझाचं तसं नाही. ती बुरशी जिवंत मुळीवरच वाढते, शेणखताच्या ढिगात नाही. रोपवाटिकेत पिशवीतल्या मातीत मिसळली, तर कलमाला मूळ फुटतानाच तिची गाठ पडते. माझी अशी रोपं लागवडीनंतरच्या कोरड्या दिवसांत जास्त तग धरून राहिली.

जपायचं ते ताम्रयुक्त फवारणीला. पानांवर फोड आणणाऱ्या बुरशीसाठी ती करावीच लागते, पण द्रावण जमिनीवर ठिबकलं की जिवाणूंना मारक ठरतं. दोन्हींत चांगलं अंतर ठेवा, एकाच पंपात तर कधीच मिसळू नका.

वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट पडून जिथं सामू 4 च्या खाली गेलाय, तिथं मात्र मला काहीच गुण दिसला नाही. त्या भागात आधी डोलोमाईट टाकून सामू वर आणणार आणि माती तपासून मगच पुन्हा जिवाणू देणार आहे.