बटाटा पॅनकेकसाठी किसणी, मिक्सर की फूड प्रोसेसर?

आधी पॅनकेक कसला हवाय ते ठरवा. लांब धाग्यांचा, कडा कुरकुरीत असा हवा (स्वित्झर्लंडची रोस्टी किंवा आपलं उपासाचं कच्च्या बटाट्याचं थालीपीठ), की बेलारूसच्या ड्रानिकीसारखा, म्हणजे बटाट्याचा जवळजवळ लगदा करून केलेला, आतून मऊ? मशीन त्यावरून ठरतं, किती वॉटचं आहे त्यावरून नाही.

तीन-चार माणसांसाठी माझं मत सरळ किसणीला. जाड भोकांची स्टीलची घ्या, बटाटा लांबीकडून धरून एकाच दिशेने ओढा, धागे मस्त लांब पडतात आणि धुवायला एकच वस्तू. शेवटचा तुकडा सोडून द्या, बोटं सोलून घेऊ नका, तो भाजीत जातो.

मिक्सरचं पातं किसत नाही, फोडतं. बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते सगळं सुटतं, मिश्रण पातळ होतं, मग लोक त्यात पीठ ढकलत राहतात आणि तव्यावर चिवट प्रकार तयार होतो. ड्रानिकीला मात्र मिक्सर चालतो, पाणी न घालता पल्सवर फिरवा आणि फडक्यातून पिळा. दोरीचा चॉपर तर या कामाला नकोच, त्यात बारीक तुकडे होतात, ते एकमेकांना धरत नाहीत.

फूड प्रोसेसर किलो-दोन किलोच्या वर खरा कामाचा, घरी दहा माणसं जेवायला असतील तर त्याला तोड नाही. बटाटा झाकणावरच्या नळीत आडवा घालायचा, उभा घातला की धागे आखूड येतात, म्हणून घेताना नळीची रुंदी बघाच, मिक्सरसोबत येणाऱ्या जोडभांड्यांची नळी बऱ्याचदा अरुंद असते आणि बटाटे कापून घालावे लागतात. भांडं, झाकण, चकती, दांडा एवढं सगळं धुवायचं आहे हेही धरून चाला.

आता पिळण्याचं, कारण कुठल्याही मशीनपेक्षा फरक इथे पडतो. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, वाडग्यावर घट्ट पिळा, ते तांबूस पाणी थोडा वेळ तसंच राहू द्या आणि मग हळूच ओतून टाका, तळाला पांढरा चिकट थर बसलेला दिसेल, तो स्टार्च, बोटाने खरवडून परत किसात घाला. चकतीच्या जाड धाग्यांना तर हा हवाच. बटाट्याच्या किसासाठी आपण कीस पाण्यात टाकतो तसं इथे करू नका, स्टार्च धुऊन जातो आणि मग मिश्रण धरायला राजगिऱ्याचं पीठ जास्त लागतं.

ड्रानिकीत कांदाही बटाट्याबरोबरच किसतात, त्याने काळं पडणं लांबतं. उपासाला कांदा नाही, त्यामुळे बाकी सगळी तयारी आधी करून ठेवा आणि बटाटा सगळ्यात शेवटी किसा, मशीन कुठलंही असो.