तारीख आतल्या बाजूला

टायर किती जुना आहे हे सांगणारे चार आकडे टायरवरच उमटवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. एवढं मला ठाऊक होतं आणि दुकानात वाकून मी ते आकडे शोधलेही होते. ठाऊक नव्हतं ते इतकंच, की बऱ्याच टायरांवर ही तारीख एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला नुसती अक्षरं. दुकानदाराला ते पक्कं माहीत होतं. चारही टायर त्याने तारखेची बाजू आत, गाडीच्या पोटाकडे करून चढवले होते.

मी चिपळूणला शिकवते, माहेर कराडचं. आईचं वय झालंय, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी २०१९ ची स्विफ्ट, मधलं मॉडेल. तिला कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर आणि लोखंडी रिम. सरळ रस्त्याला गाडी झकास, पण पोफळीच्या वरची वळणं सुरू झाली की डुलायची. वळण संपलं तरी गाडीचं वळणं संपत नाही, असं वाटायचं. टायरही घासून गुळगुळीत झाले होते. आमच्या इथल्या मेस्त्रीने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं: १८५/६५ आर १५. म्हणाला, "तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी हाच देते. रिम पंधराची लागेल. डोळे मिटून घाला."

डोळे मिटून घालायचे होते ते हे टायर. मी डोळे मिटले भलत्याच दुकानात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लग्नासाठी पुण्याला गेले होते. परतीच्या वाटेवर हायवेलगत एक मोठं दुकान दिसलं. काचेच्या भिंती, आत एसी, भिंतीवर अलॉय रिम टांगलेले, बसायला सोफा आणि मशीनची कॉफी. (कॉफी बरी होती, ते नाकारत नाही.) चिटोरा पुढे केला. काउंटरवरच्या माणसाने तो वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकला. त्या क्षणी उठून यायला हवं होतं, हे आता सुचतं.

"मॅडम, पंधराचा सेट शिल्लक नाही. आणि घाटात जाता म्हणता ना? मग पंधरा कशाला, सोळा घाला. दोनशे पाच रुंदी. रोड सोडणार नाही गाडी."

त्याने २०५/६० आर १६ पुढे केला. मी विचारलं, बसेल का? "कंपनीच देते मॅडम." कुठली कंपनी, कुठल्या गाडीला, हे मी विचारलं नाही. टायर नवे आहेत ना, हे मात्र विचारलं. त्यावर त्याने टायरवरून हात फिरवला आणि रबराचे ते बारीक केस दाखवले. "हे बघा, केससुद्धा झडले नाहीत." केस रस्त्यावर फिरल्यावर झडतात, गोदामात पडून नाही. पाच वर्षं अंधारात रचून ठेवलेल्या टायरलाही केस तसेच राहतात, वरून पॉलिश मारलं की तो काळाकुळकुळीत दिसतो. पण त्या वेळी मला ते केस म्हणजे बाळाची जावळं वाटली.

भाव ५४,००० सांगितला, घासाघीस करून ४७,५०० ला तुटला. माझे चार जुने रिम टायरसकट "एक्स्चेंज"मध्ये ३,००० ला गेले, ते धरून. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा, असं हसत सांगितलं. तेव्हा टायरवर २८ टक्के होता. मी हिशेब केला आणि गप्प बसले. २०,००० यूपीआयने दिले, बाकी रोख. हातात आली ती "एस्टिमेट" असं छापलेली पावती, आणि तिच्यावर एवढंच: अलॉय टायर सेट, नग १. ना साइझ, ना टायरची कंपनी, ना तारीख. माझा लोभ आणि त्याचा लोभ त्या पावतीवर गळ्यात गळा घालून बसले होते, आणि त्यातला एकच शहाणा होता.

गाडी दिसत होती सुरेख. भाऊ म्हणाला, "ताई, आता शाळेत पोरं सेल्फी काढतील."

पहिला आवाज कराडच्या घरापुढच्या बोळात आला. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की आतून खर्र. मग घाटात, अरुंद वळणावर, मागे तीन माणसं बसलेली असली की हमखास. टायर चाकाच्या वरच्या प्लास्टिकला घासत होता. दुसरं म्हणजे दुसऱ्या गिअरला खेचणारी गाडी आता पहिला मागायला लागली. तिसरं, साधारण सत्तरच्या पुढे स्टीअरिंगला थरथर. आणि डुलणं? ते होतंच, जरा कमी.

दुकानात फोन केला तर म्हणाले, "नवीन टायरला सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात." हजार झाले. मग म्हणाले, "घेऊन या." पुण्याला पुन्हा खेप. तिथे मशीनवर गाडी चढवली, पडद्यावर लाल आकडे दाखवले, "पुढचे दोन्ही कॅम्बर आउट आहेत" म्हणाले आणि १,६०० घेतले. या गाडीत पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, तेवढा जुळवता येतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, जुळवायची वेगळी सोय कंपनीने ठेवलेलीच नाही. काही दुकानांत जॅक लावून पार्ट दाबतात आणि लाल आकडा हिरवा करून दाखवतात. माझ्या गाडीला नक्की काय केलं ते मला माहीत नाही, कारण तेव्हा मी सोफ्यावर कॉफी पीत होते. थरथर तशीच राहिली.

माझ्या नवऱ्याने एव्हाना वही काढली होती. पूर्वी १९ चं अॅव्हरेज, आता १६.५. पण त्याला आणखी एक गोष्ट खटकली. पूर्वी काटा ८० वर असताना फोनच्या नकाशात ७६ दिसायचे, आता ८० ला ८०. त्याला वाटलं काटा सुधारला. काटा सुधारला नव्हता, चाक मोठं झालं होतं.

हे गणित पाचवीतल्या मुलाला येईल, आणि मी पाचवीला गणितच शिकवते, म्हणून जास्त लागतं. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे टायरची उभी भिंत रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. वरखाली दोन भिंती धरून पूर्ण चाक ६१९.६. मेस्त्रीने लिहिलेला १८५/६५ आर १५: भिंत १२०, चाक ६२१.५. फरक दोन मिमीचासुद्धा नाही. आणि माझ्या गळ्यात मारलेला २०५/६० आर १६: भिंत १२३, चाक ६५२.४. पाच टक्क्यांहून मोठं. साधारण तीन टक्क्यांच्या आत राहावं असं टायरवाले स्वतःच सांगतात. म्हणजे घासणारच, चढाला दमणारच. मीटरही कमी किलोमीटर मोजणार, त्यामुळे १६.५ दिसणारं अॅव्हरेज खरं सव्वासतराच्या वर असणार. त्यात समाधान मानायचं तर मानावं.

मला सगळ्यात झोंबली ती भिंत. वळणावर गाडी डुलते त्यात टायरच्या उंच, मऊ भिंतीचा वाटा असतो. मोठी रिम घालायची ती ही भिंत कमी करण्यासाठी, चाकाची एकूण उंची तीच ठेवून. मेस्त्रीच्या पंधराला भिंत १२० ची होती. माझ्या दिमाखदार सोळाला १२३ ची. दुप्पट पैसे मोजून मी तीन मिलिमीटर जास्त डुलणं विकत घेतलं.

हे सगळं कळेपर्यंत जुलै २०२४ उजाडला.

शनिवार, संध्याकाळचे पाच, घाटात धुकं आणि मुसळधार. पोफळी सोडून बऱ्यापैकी वर आले होते. उजवं मागचं चाक बसलं. गाडीतला पाना काढला, नटाला लावायला गेले तर पाना भोकात जाईच ना. त्या अलॉयची नटाची भोकं इतकी खोल आणि अरुंद की गाडीसोबतचा पाना आत शिरत नाही, त्याला पातळ सॉकेट लागतो. तो सेटबरोबर द्यायचा असतो. मला कुणी दिला नव्हता. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर बिचारा भिजत खाली उतरला, त्याचाही पाना लावून बघितला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, चाकं शोची घातलीत काय?" पंपाजवळच्या गॅरेजवाल्याचा नंबर त्यानेच दिला. दोन तासांनी तो गॅरेजवाला सॉकेट घेऊन आला.

चाक निघालं आणि त्याने ते रस्त्यावर पालथं घातलं. टॉर्चच्या उजेडात, आतल्या बाजूला, २२१८. मी ते नोव्हेंबर २०२३ ला नवं म्हणून घेतलं होतं, साडेपाच वर्षांचं. टायरच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी का सरकायची, तेही तिथंच समजलं. रबर कडक झालं होतं, नख रुतत नव्हतं. आणि रिमच्या आतल्या कडेला, रंगाच्या खाली, वेल्डिंगची जाड शिवण. कधीतरी कुणाची तरी फुटलेली रिम जोडून, घासून, रंग देऊन माझ्या गाडीला आली होती.

स्टेपनी अर्थातच जुनी, चौदाची. एका बाजूला ६५२ चं चाक, दुसऱ्या बाजूला ६२० चं. तशी लंगडत घाट चढून हेळवाकपर्यंत गेले आणि तिथे नात्यातल्या एकांकडे मुक्काम केला.

सोमवारी आमच्या मेस्त्रीने उरलेली तीन चाकं काढली. एकावर २२१८, दोघांवर ०६१९. म्हणजे सेटसुद्धा सेट नव्हता. थरथरीचं कारण मधल्या भोकात सापडलं. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल, ५४ मिमीचा, अलॉयचं भोक ७३ चं. कुठल्याही गाडीला बसावं म्हणून बाजारातल्या अलॉयना भोक मोठंच ठेवतात आणि मधे मापाची रिंग घालतात. ती रिंग नव्हती. चाक नुसत्या चार नटांवर, केंद्र सोडून. आणि डुलण्याचं खरं कारण? पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे, फाटलेले. मजुरीसकट २,४०० रुपये. ते बदलून, जुन्या चौदावर जरी राहिले असते तरी अर्धी तक्रार गेली असती. मेस्त्री हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा चिटोरा मी वाऱ्यावर सोडला होता, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं असावं.

दुकानात गेले. तोच माणूस, तीच कॉफी. "साइझ तुम्हीच पसंत केली मॅडम. अलॉय आमचेच कशावरून?" पावतीवर तर काहीच नव्हतं. टायर कंपनीकडे जावं तर पक्कं बिल नाही, म्हणजे वॉरंटीचा प्रश्नच मिटला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाचं उत्तर आलं की ग्राहकाने समक्ष पाहून माल बसवून घेतला. मग एका रविवारी, दुकानात गर्दी असताना, भाऊ आणि मी ती वेल्डिंगची रिम काउंटरवर नेऊन ठेवली आणि तिथेच बसून राहिलो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आहे? आम्ही सांगायचो. दीड तासात ९,००० रुपये परत मिळाले. बाकी गेले.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता तेव्हा मोकळा होता. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, आणि खरेदीपासूनची दोन वर्षं तेव्हा व्हायची होती. वकील मैत्रीण म्हणाली, यूपीआयची नोंद आणि चाकं उघडतानाचा व्हिडिओ आहे, पण माप कोणी ठरवलं ते सिद्ध करणं अवघड. तो चिटोरा दुकानदाराच्या खिशात गेला, तो इथे आठवतो. तुम्ही कुठे टायर घ्यायला जाणार असाल तर मेस्त्रीने लिहून दिलेल्याचा फोनवर आधी फोटो काढा. आणि आपल्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कुठलं माप येतं ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघा. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ती पुस्तिका पाच वर्षं प्लास्टिकमध्येच होती.

विमा एजंटने आणखी एक गोष्ट सांगितली. गाडीला कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर चाकं घातली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. घाटात त्या चाकांवर मी आईला तीनदा नेलं होतं.

सप्टेंबरमध्ये चिपळूणलाच, मेस्त्रीच्या ओळखीच्या दुकानात, वरच्या मॉडेलचे पंधराचे रिम आणि १८५/६५ आर १५ टायर घेतले. पक्कं बिल, त्यावर माप. पोरगा टायर मशीनवर घेणार, तेवढ्यात मी म्हटलं, आधी जमिनीवर ठेव आणि दोन्ही बाजू दाखव. काही टायरवर "आउटसाइड" असं लिहिलेलं असतं, ते उलटे घालायचे नसतात, म्हणून तारीख चढवण्याआधीच बघायची.

"मॅडम, चार चार टायर पालथे करू?"

"चारही कर."

त्याने केले. ३२२४, ३२२४, ३२२४. चौथा ३१२४ होता. तो म्हणाला, "एक आठवडा जुना आहे, बदलू?"

म्हटलं, राहू दे.