गल्लीतला मुक्त फळा: आठ महिने वापरल्यानंतर

सांगलीत गावभागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, गेल्या मे महिन्यात फळा लावला. ४ बाय ३ फूट, सुतारानं प्लायला हिरवा रंग मारून दिला, वर पत्र्याचं छोटं छप्पर. खर्च २,००० च्या आत. कुणीही यावं, मनातलं लिहावं. तुमच्याकडे लावायचा विचार असेल तर आमचा अनुभव वाचा.

पहिले दोन महिने खडूपेक्षा डस्टरच जास्त चालला. तो सुतळीनं फळ्यालाच बांधलेला, ही आमची चूक. जुलैत कुणीतरी लिहिलं, "आयर्विनला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका, आमच्या गटाराचं पाणी उंबऱ्याला लागलं की पाहणी." आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथंच मोजतात. लोक थांबून हसत होते. गिरणीवाले काका हाताचं पीठ झटकत दोनदा बाहेर येऊन वाचून गेले. तासाभरात फळा कोरा! कुणी पुसलं, का पुसलं, काही पत्ता नाही. मला जास्त लागलं ते हेच. नाटककार कृ. प्र. खाडिलकर आमच्या सांगलीचे. त्यांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली, तेव्हा बंदी घालणारं सरकार कोणतं हे निदान लोकांना ठाऊक होतं. इथं पुढचे चार दिवस कुणी खडूच उचलला नाही.

मग उलटं घडलं. कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, "आज रात्री ५० फूट, घरं रिकामी करा." २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात गंमत दिसत नाही. समोरच्या आजींनी सुनेला घेऊन धान्याचे डबे माळ्यावर चढवले. ते मी स्वतः पुसलं, आजही पुसेन. विनोद आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवं. नाहीतर ती अफवा.

त्यानंतर डस्टर गिरणीत ठेवला. खटकलं तर मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण व आपलं नाव. अफवा तेवढी लगेच पुसायची, तीही तसं लिहून. नाव घालायचं म्हटल्यावर बरेच हात थांबले. गणपतीत वर्गणीवर एक चारोळी आली. मंडळाच्या एकानं रेघ मारून लिहिलं, "हिशेब दिलेला आहे." खाली कुणीतरी विचारलं, "कुठे?" तिसऱ्या दिवशी हिशेबाचा कागदच फळ्याशेजारी चिकटला.

एकानं "६६ अ लावतो" असा दम दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय, आणि होतं तेव्हाही संगणक-मोबाइलवरच्या मजकुरासाठी होतं. अब्रुनुकसानी मात्र खडूनंही होते, हे ध्यानात ठेवा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डिसेंबरात गल्लीतल्या एका मुलाच्या तोतरेपणावर कुणीतरी दोन ओळी लिहिल्या. चार दिवस आम्ही सगळे त्यांच्यासमोरून दळण घेऊन जात-येत होतो. रेघ आम्ही मारायला हवी होती. शेवटी त्यानंच मारली. कारणाच्या जागी "हे माझ्याबद्दल आहे", आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

तेव्हापासून दळण असो-नसो, मी रोज संध्याकाळी फळ्यापाशी जातो आणि सगळा वाचतो.