यूएनची गाइडेड टूर: सोबत माजी सरपंच असतील तर अजून मजा

न्यू जर्सीत आपल्या मंडळींकडे गावाहून कुणी आलं की यादी ठरलेली: नायगारा, स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर. पाहुण्यांना राजकारणाची आवड असेल तर न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाची टूरही त्यात घाला. माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माजी सरपंच. नायगाऱ्यापेक्षा त्या इथं जास्त रमल्या.

टूर साधारण तासाभराची, गाइडसोबतच फिरायचं. सरचिटणीसांच्या तसबिरी नीट बघा. रेशमी गालिच्यात विणलेल्या आहेत, इराणची भेट. सासूबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, यात एकही बाई नाही?" नाही. संस्था १९४५ ची, पण त्या खुर्चीवर आजपर्यंत बाई बसलेली नाही. "आमच्याकडं निम्म्या जागा बायकांच्या. इथं आरक्षण नाही का?"

महासभेच्या दालनात मी थोडी बाजू सावरली. १९५३ मध्ये विजयालक्ष्मी पंडित महासभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, पुढे आपल्याच महाराष्ट्राच्या राज्यपालही.

खरी मजा सुरक्षा परिषदेच्या दालनात. नॉर्वेनं सजवून दिलेलं, घोड्याच्या नालेसारखं टेबल, मागं पेर क्रोग यांचं भलंमोठं भित्तिचित्र. इथं गाइडला ठराव १३२५ बद्दल मुद्दाम विचारा. युद्ध आणि शांततेच्या कामात बायकांना स्थान द्या, असं सांगणारा परिषदेचा ठराव. आमच्या गाइडनं न कंटाळता सांगितलं. ३१ ऑक्टोबर २००० ला, नामिबियाकडे अध्यक्षपद असताना, तो एकमतानं मंजूर झाला. त्याच वर्षी ८ मार्चला बांगलादेशचे राजदूत अन्वरुल करीम चौधरी यांनी परिषदेचे अध्यक्ष म्हणून विषयाला तोंड फोडलं होतं. युद्धात बायका होरपळतात हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? पण तहाच्या बोलणीत त्यांना बसवा, असा ठराव या परिषदेनं त्याआधी कधी केला नव्हता. नंतर २००८ मध्ये ठराव १८२० आला. लैंगिक अत्याचार युद्धाचं हत्यार म्हणून वापरले जातात, हे त्यात मान्य झालं.

सासूबाईंचा प्रश्न एकच: "जागा किती लिहिल्यात?"

आकडा नाही. सदस्य देशांना आग्रह केलाय. "म्हणजे विनंती अर्ज!" त्या हसल्या. मग हळूच, "आणि खुर्ची मिळाली तरी बोलू देतात का ते बघ. आमच्याकडं सरपंचपती काय कमी आहेत?"

बाहेर पडताना मी त्यांना लायबेरियाची गोष्ट सांगितली. २००३ मध्ये तिथलं यादवी युद्ध थांबवायची बोलणी घानातल्या आक्रा शहरात रेंगाळली, तेव्हा लायबेरियाच्या शांतता कार्यकर्त्या लेमा बोवी आणि त्यांच्या सोबतच्या बायका दारातच ठाण मांडून बसल्या. तोडगा काढल्याशिवाय कुणाला बाहेर सोडेनात. ऑगस्टमध्ये तह झाला. बोवींना २०११ मध्ये शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २००७ मध्ये त्याच लायबेरियात आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी गेली. यूएनची ती पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. सासूबाईंनी हे पुन्हा सांगायला लावलं. मला मात्र एक खटकतं: शंभरावर देशांनी १३२५ आपल्याकडे कसा राबवायचा याचा राष्ट्रीय कृती आराखडा केला, भारताचा अजून नाही.

नागासाकीच्या चर्चच्या ढिगाऱ्यात सापडलेली संत ॲग्नेसची मूर्तीही इथं आहे. मागं जाऊन तिची पाठ बघा, अणुबॉम्बनं भाजलेली.

तारे पाचपैकी पाच. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. बैठक चालू असेल तर परिषदेचं दालन बघायला मिळेलच असं नाही. आणि जायच्या आधी १३२५ थोडा वाचून जा. तासाभरात गाइड तरी किती सांगणार?