दाब मोजायचा: प्लेटवर की बुटात?

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळून टाच दुखायला लागली, की तळपायाचा दाब मोजायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जमिनीवरच्या प्लेटवरून अनवाणी चालायचं. सेन्सर दाटीवाटीने बसवलेले, त्यामुळे अंगठा, चवडा, टाच यांवरचा भार स्पष्ट दिसतो. मधुमेहींच्या तळव्यावर दाब कुठे साचतो, हे बघायला हीच बरी. गोम एवढीच, की पाय नेमका प्लेटवर पडावा म्हणून माणूस नकळत चाल बदलतो. शिवाय एका फेरीत एकदोनच पावलं हाती लागतात.

दुसरा मार्ग सेन्सरच्या इनसोलचा, म्हणजे बुटात पायाखाली घालायच्या पातळ गादीचा. तो घालून मात्र पांडवलेणीच्या पायऱ्याही चढा! सलग शेकडो पावलं, तीही दमल्यावरची. सेन्सर विरळ, घामा-उष्णतेने आकडे सरकतात, हे खरं. तरी पळणाऱ्याने इनसोलच निवडावा. बूट बदलल्यावर दाब कुठे सरकला, हे अनवाणी चाचणीत कळणार कसं?