कंट्रोल केबल तपासायला एंडोस्कोप कॅमेरा: घ्यावा का?

फोनला जोडायचा, लांब नळीच्या टोकावर बसवलेला ५.५ मिमीचा एंडोस्कोप कॅमेरा मी अल्ट्रालाइटच्या (छोट्या, हलक्या विमानाच्या) कंट्रोल केबलसाठी, म्हणजे स्टिक-पेडलची हालचाल विमानाच्या हलत्या पृष्ठभागांपर्यंत नेणाऱ्या तारदोरांसाठी वापरतो. बहुतेक केबल उघड्यावरच असतात, त्यांना कॅमेरा लागत नाही. अडतं ते सीटखालच्या पुलीपाशी आणि शेपटाच्या नळीत शिरणाऱ्या रडर-एलिव्हेटरच्या (शेपटावरच्या हलत्या पट्ट्यांच्या) केबलपाशी. तिथे याला तोड नाही. सोबतचा छोटा आरसा लावला की पुलीची मागची बाजूही दिसते. पुली अडकून बसली असेल तर केबल एकाच जागी घासून पुलीच्या खाचेत सपाट चट्टा पडतो. तो यात लख्ख दिसतो.

पण नुसतं चित्र पाहून केबल पास करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ७×१९ केबलमध्ये सात पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे जेमतेम ३ मिमी जाडीत १३३ तारा. पुलीवर वाकून वाकून तार थकते आणि तुटते, पण केबल ताणलेली असते तोवर तुटलेली टोकं पिळात दबून राहू शकतात. स्क्रीनवर तीच केबल नवीकोरी वाटते. तिथे फडकंच हवं. सुती फडकं केबलभोवती धरून दोन्ही दिशांनी ओढायचं. धागा अडकला की तिथे तार तुटलेली. उघडा हात फिरवू नका, टोक बोटात घुसतं. मग स्टिक आणि पेडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पुलीखाली दडलेला भाग बाहेर आणायचा आणि तिथेही फडकं फिरवायचं. तरीही शंका उरली तर केबल काढून हलकेच वाकवायची, तुटलेल्या तारा वर येतात.

स्टेनलेस केबलवर एलईडीचा उजेड फार चकाकतो, झीज दिसतच नाही. उजेड अगदी कमी ठेवा. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही म्हणून अनेकजण निर्धास्त असतात, पण पुलीवर ती गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) केबलपेक्षा लवकर थकते. बाहेरच्या तारांची जाडी निम्म्याच्या आसपास झिजली की केबल बदलायचीच.

घ्यायचा तर अर्धकडक नळीचा घ्या. मऊ नळी हवी तिकडे वळत नाही. आरशाची क्लिप मात्र फारच सैल आहे. आरसा आत निसटून पुलीत अडकला तर कंट्रोलच जाम होईल, म्हणून मी तो बारीक तारेने बांधूनच आत सोडतो.